शुगर बॉर्डरलाइनला आलीय? मग आयुर्वेद नेमकं काय सांगतो ते एकदा नीट वाचा

उपाशीपोटीची शुगर ११२, एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या सरासरी शुगरचा अंदाज देणारी तपासणी) ६.१, आणि डॉक्टर म्हणाले की डायबेटिस नाहीये अजून, पण काठावर आहात, वजन कमी करा, चाला, तीन महिन्यांनी परत या. असा रिपोर्ट हातात आला की पुढच्या दोन दिवसांत घरात काय काय येतं ते बहुतेकांना माहितीये. कोणीतरी कारल्याचा ज्यूस सांगतं, कोणी विजयसारचा लाकडी पेला पाठवतं, मावशी म्हणते साखर बंद कर आणि गुळाचा चहा घे, आणि फोनवर एक व्हिडिओ येतो ज्यात भगवे कपडे घातलेला माणूस सांगतो की आयुर्वेदात डायबेटिस मुळापासून जातो, अमुक चूर्ण घ्या आणि गोळ्या फेकून द्या. हे सगळं आयुर्वेदाच्या नावावर चाललेलं असतं, पण खरं सांगायचं तर चरक, सुश्रुत आणि वाग्भट या आयुर्वेदाच्या तीन जुन्या ग्रंथकारांनी या आजाराबद्दल जे लिहिलंय ते यापेक्षा खूप वेगळं आहे, खूप जास्त कडक आहे, आणि मला तर ते जास्त प्रामाणिकही वाटतं. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आधी आजची भाषा थोडक्यात, म्हणजे गोंधळ नको. उपाशीपोटी शुगर १०० ते १२५ असेल, किंवा ग्लुकोज पाजून दोन तासांनी १४० ते १९९, किंवा एचबीएवनसी ५.७ ते ६.४, तर त्याला प्रीडायबेटिस म्हणतात, आणि १२६, २०० किंवा ६.५ ला पोचलात की डायबेटिस. (डब्ल्यूएचओ उपाशीपोटीची सुरुवात ११० पासून धरते, म्हणून कधीकधी एकाच रिपोर्टवर दोन डॉक्टर वेगळं बोलतात.) आयसीएमआरचा, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचा, देशभराचा मोठा सर्व्हे २०२३ मध्ये छापून आला त्यात भारतात साधारण १०.१ कोटी लोकांना डायबेटिस आणि १३.६ कोटी लोक प्रीडायबेटिसमध्ये असल्याचा अंदाज होता, आणि राज्यांमध्ये डायबेटिसचं प्रमाण सगळ्यात जास्त गोव्यात, २६.४ टक्के. म्हणजे काठावरची माणसं आजारी माणसांपेक्षा जास्त आहेत, आणि खरं काम या काठावरच्या माणसांसाठीच आहे.

आता आयुर्वेदाकडे येऊ. तिथे मधुमेह एकटा येत नाही. आधी प्रमेह नावाचं एक मोठं घर आहे, ज्यात लघवी जास्त होणं आणि गढूळ होणं ही मुख्य खूण, आणि त्याचे २० प्रकार सांगितलेत, कफाचे १०, पित्ताचे ६ आणि वाताचे ४. मधुमेह हा त्या शेवटच्या चारांपैकी एक. इथे एक गोष्ट लक्षात ठेवायची की हे २० प्रकार म्हणजे डायबेटिसचे २० प्रकार नाहीत, लघवीचा रंग, वास, घट्टपणा, त्यात वाळूसारखे कण येणं असं सगळं बघून ते ठरवलेत, त्यामुळे त्यातले काही आज कदाचित मुतखडा किंवा इन्फेक्शनच्या खात्यात जातील. जुनं नाव आणि नवं नाव एकास एक जोडायला गेलं की चुकतंच.

पण कारणांच्या बाबतीत मात्र चरकसंहिता वाचताना अंगावर काटा येतो. चिकित्सास्थानाच्या सहाव्या अध्यायात हा श्लोक आहे:

आस्यासुखं स्वप्नसुखं दधीनि ग्राम्यौदकानूपरसाः पयांसि।
नवान्नपानं गुडवैकृतं च प्रमेहहेतुः कफकृच्च सर्वम्॥

साध्या मराठीत सांगायचं तर, आरामात बसून राहण्याचं सुख, झोपेचं सुख, दही, पाळीव आणि पाणथळ जागच्या आणि पाण्यातल्या प्राण्यांच्या मांसाचे रस, दूध आणि दुधाचे पदार्थ, नवं धान्य, गुळापासून केलेले पदार्थ, आणि जे जे म्हणून कफ वाढवतं ते सगळं, ही प्रमेहाची कारणं. यादीत पहिलं काय आहे बघा. खाणं नाही, बसणं आहे. त्या काळात ऑफिस नव्हतं, लॅपटॉप नव्हता, आठ तास एसीत बसून काम करणारा वर्ग नव्हता, तरी त्यांनी बसून राहणं पहिल्या नंबरला ठेवलं आणि दुसऱ्या नंबरला झोपणं. आणि शेवटाकडे गूळ आलाय. म्हणजे आयुर्वेदिक म्हणून साखरेऐवजी गुळाचा चहा पिणारे लोक ज्या शास्त्राचं नाव घेतात त्याच शास्त्राने प्रमेहाच्या कारणांमध्ये गुळाच्या पदार्थांचं नाव लिहून ठेवलंय. गुळात थोडं लोह, थोडे क्षार असतात हे खरं, पण मुख्यतः ती साखरच आहे आणि रक्तात गेल्यावर ती साखरेसारखीच वागते. पुरणपोळी, गुळपोळी, चिक्की, गुळाचा शिरा, काठावरच्या माणसाला हे सगळं सारखंच.

चरकाच्याच निदानस्थानात आणखी एक श्लोक आहे जो मला फार आवडतो, त्यात म्हटलंय की ज्याला खाण्याची हाव आहे आणि आंघोळ आणि चालणं नकोसं वाटतं त्याच्याकडे प्रमेह असा पटकन येतो जसा पक्षी घरट्याच्या झाडाकडे येतो. पक्ष्याला झाड शोधावं लागत नाही, त्याला रस्ता माहीत असतो.

हे शरीरात कसं घडतं याबद्दलची त्यांची मांडणी अशी. बसून राहून, गोड, जड, तुपकट खाऊन कफ वाढतो. तो कफ मेदाशी, म्हणजे चरबीशी, पटकन जुळतो कारण दोघांचे गुण सारखे. मग मेद बिघडतो आणि ढिला, पातळ होतो, मांस बिघडतं, आणि शरीरात क्लेद वाढतो. क्लेद म्हणजे शरीरातला नको तितका ओलावा, चिकचिकीतपणा असं समजा. हा क्लेद आणि बिघडलेला मेद मूत्रमार्गाकडे, बस्तीकडे म्हणजे मूत्राशयाकडे जातो आणि लघवी वाढते, गढूळ होते. इथवर ही कफाची गोष्ट आहे. आणि यातून पुढे, कफ आणि मेदाने वाटा अडवल्या की वात अडकतो, चिडतो, आणि शरीराचं सगळ्यात मौल्यवान जे ओज ते ओढून लघवीवाटे बाहेर टाकायला लागतो, आणि हा मधुमेह. वाग्भटाने मधुमेहाच्या दोन वाटा सांगितल्यात, एक ही अडवणुकीची आणि दुसरी शरीराचे धातू (रक्त, मांस वगैरे) झिजून वात वाढल्याची. पहिल्या वाटेने आलेला आटोक्यात आणणं कठीण पण शक्य, दुसऱ्या वाटेने आलेला मात्र त्याहून अवघड.

आजचं शास्त्र काय म्हणतं? पोटावर, लिव्हरमध्ये चरबी साठते, स्नायू वापरात नसल्यामुळे साखर घेत नाहीत, इन्सुलिन असतं पण त्याचं काम अडतं, मग स्वादुपिंड जास्त जास्त इन्सुलिन काढत राहतं आणि वर्षानुवर्षं असं चाललं की शेवटी थकतं. म्हणजे आधी अडथळा, मग झीज. दोन्ही मांडण्या वेगळ्या पायावर उभ्या आहेत, क्लेद म्हणजे ग्लुकोज नाही आणि ओज म्हणजे इन्सुलिन नाही, तसं कोणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. पण वैद्यांनी माणसं बघून बघून जो क्रम टिपला तो मात्र बराचसा तोच आहे.

आणि आता प्रीडायबेटिसवाल्यांनी जे वाचायलाच हवं ते. सुश्रुतसंहितेत एक ओळ आहे: सर्व एव प्रमेहास्तु कालेनाप्रतिकारिणः। मधुमेहत्वमायान्ति तदाऽसाध्या भवन्ति हि॥ सगळेच प्रमेह, वेळेत उपाय केला नाही तर, काळाच्या ओघात मधुमेह होतात आणि मग ते बरे होत नाहीत. चरकानेही कफाचे प्रमेह बरे होणारे, पित्ताचे औषधावर टिकवून ठेवायचे (पण मेद फार बिघडला नसेल तर बरे होणारे) आणि वाताचे बरे न होणारे अशी सरळ वर्गवारी करून ठेवलीये. म्हणजे मुळापासून बरा करतो हे वाक्य ग्रंथांचं नाहीच. ग्रंथ म्हणतात की लवकर ये, चरबी फार बिघडायच्या आत ये, उशीर केलास तर आम्ही फक्त सांभाळू शकतो.

आजच्या अभ्यासांमध्येही हेच दिसतं. इंग्लंड-स्कॉटलंडमध्ये डायरेक्ट नावाचा अभ्यास झाला, २०१७ मध्ये छापला गेला, त्यात डायबेटिस होऊन सहा वर्षांपेक्षा कमी झालेल्या, जास्त वजनाच्या आणि इन्सुलिनवर नसलेल्या लोकांना काही महिने रोज साधारण ८५० कॅलरीच दिल्या आणि वर्षभरानंतर त्यातल्या ४६ टक्के लोकांची शुगर औषधाशिवाय डायबेटिसच्या रेषेखाली होती. ज्यांनी १५ किलो किंवा जास्त वजन घालवलं त्यांच्यात तर प्रमाण खूपच वर. लवकर आलात, मेद उतरवला, तर मागे जाता येतं. याला डॉक्टर रेमिशन म्हणतात, बरा झाला असं म्हणत नाहीत, कारण वजन परत आलं की शुगरही परत येते.

सुरुवातीच्या खुणाही ग्रंथांनी टिपल्यात, त्यांना पूर्वरूप म्हणतात. तोंडात गोडपणा, तोंड-टाळू-घसा कोरडा पडणं, तहान, आळस, सारखी झोप आणि ग्लानी, अंगावर मळ जास्त साचणं, केसांच्या जटा होणं, हातापायांना बधिरपणा आणि आग, आणि अंगाकडे, लघवीकडे मुंग्या येणं. यातली हातापायांची आग आणि बधिरपणा ही खूण फार महत्त्वाची, कारण नसांवरचा परिणाम काही लोकांमध्ये प्रीडायबेटिसच्या काळातच सुरू झालेला असतो आणि लोक त्याला उष्णता झाली म्हणून सोडून देतात. मुंग्यांची वाट मात्र बघत बसू नका. लघवीत साखर उतरायला रक्तातली शुगर साधारण १८० च्या वर जावी लागते, म्हणजे काठावरच्या माणसाच्या लघवीला मुंग्या येणारच नाहीत, आणि मुंग्या येत नाहीत म्हणजे शुगर नाही हा समज आपल्याकडे अजून आहे. रक्त तपासणं हाच मार्ग.

पेशंट दोन प्रकारचे, हे आयुर्वेदात फार स्पष्ट आहे आणि व्हिडिओवाले नेमकं तेच विसरतात. चरक म्हणतो एक जाडा आणि ताकदवान असतो, एक बारीक आणि अशक्त असतो; बारक्याला पोषण द्यायचं, ताकदवानाला शोधन, म्हणजे शरीरातलं नको ते बाहेर काढायचं. सुश्रुताने याला सहज आणि अपथ्यातून आलेला असे दोन भाग केलेत, पहिला जन्मापासूनचा, ज्यात माणूस बारीक, रूक्ष, कमी खाणारा, सारखा तहानलेला. दुसरा खाण्यापिण्यातून, ज्यात माणूस जाड, खादाड, बसण्या-झोपण्याची आवड असलेला. आईबापांकडून बीजातच आलेला बरा होत नाही असंही चरकाने लिहिलंय. ज्याला आज टाइप वन म्हणतात, लहान वयात एकदम वजन उतरणारा, तो बहुतेक या पहिल्या चित्रात बसतो, आणि इथे मला अगदी मोठ्या आवाजात सांगायचंय की टाइप वनच्या मुलाचं इन्सुलिन कोणाच्याही सांगण्यावरून एक दिवसही बंद करू नका. १९२२ मध्ये टोरांटोला पहिल्यांदा माणसाला इन्सुलिन टोचलं त्याआधी ही मुलं वाचत नव्हती. आपल्याकडच्या ग्रंथांनीही हा प्रकार बरा होत नाही असंच लिहिलंय, मग आपण त्यांच्या नावावर मुलाच्या जिवाशी का खेळायचं?

आपल्या लोकांमध्ये यात एक गुंता आहे. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमधले डॉक्टर चित्तरंजन याज्ञिक गेली कित्येक वर्षं हेच दाखवत आलेत की भारतीय माणूस दिसायला बारीक पण आतून चरबीवाला असतो. २००४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा एक फोटो छापला होता, दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) अगदी सारखा, २२.३, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. आणि हे जन्मापासूनचं आहे, पुण्याजवळच्या गावांमध्ये जन्मलेली बाळं वजनाला हलकी होती तरी इंग्लंडच्या बाळांच्या मानाने त्यांची चरबी टिकून होती आणि स्नायू मात्र कमी होते. म्हणजे हातपाय काटकुळे आणि पोट पुढे, असा आपला नेहमीचा चाळिशीतला माणूस जाडा धरायचा की बारीक? वजनकाटा सांगेल बारीक. पण मेद पोटात आहे, स्नायू कमी आहेत. माझ्या मते अशा माणसाला नुसतं उपाशी ठेवून चालत नाही, मेद उतरवायचा आणि स्नायू मात्र वाढवायचे, आणि चांगला वैद्य नाडी आणि पोट बघून हा फरक करतो. म्हणून शेजाऱ्याला लागू पडलेलं चूर्ण तुम्हाला लागू पडेलच असं नाही, हे आयुर्वेदाच्या आतूनच येणारं सांगणं आहे.

उपचारांमध्ये ग्रंथ कशाला किती जागा देतात ते बघण्यासारखं आहे. सुश्रुताच्या चिकित्सास्थानात प्रमेहाच्या अध्यायात शेवटाकडे सांगितलंय की ज्याच्याकडे पैसा नाही, नातेवाईक नाहीत, त्याने चपला आणि छत्रीशिवाय, भिक्षा मागून खात, एका गावात एकच रात्र राहत, मुनीसारखं मन आवरून १०० योजनं किंवा त्याहून जास्त चालावं. कोणी गाईंच्या मागे सतत फिरावं, कोणी शेत नांगरावं, कोणी विहीर खणावी, आणि सावा आणि देवभातासारखं रानचं धान्य, आवळा-कवठासारखी फळं खावीत. योजनाचे हिशोब वेगवेगळे आहेत, पण १२ किलोमीटर धरलं तरी हजार किलोमीटरच्या वर जातं, आळंदी ते पंढरपूर वारी साधारण अडीचशे किलोमीटरची, म्हणजे चार-पाच वाऱ्या एका दमात. हे औषध होतं! चालणं, खणणं, नांगरणं. फक्त एक गोष्ट शब्दशः घेऊ नका, अनवाणी चालू नका. ज्यांच्या पायांची संवेदना कमी झालीये त्यांना खडा रुतलेला कळत नाही, जखम चिघळते आणि पाय कापायची वेळ येते, ग्रंथांनीही प्रमेहपिडका म्हणून या रुग्णांना होणाऱ्या गळवांचं वेगळं वर्णन केलंय, चरकाने सात प्रकारचं. चांगले बूट घालून चाला आणि रोज रात्री तळवे बघा.

व्यायाम किती तर वाग्भट म्हणतो अर्ध्या ताकदीने, म्हणजे कपाळावर, काखेत घाम आला, तोंड कोरडं पडायला लागलं की थांबायचं. पण तो नियम निरोगी माणसाच्या रोजच्या दिनचर्येचा, प्रमेहासाठी चरक जोरदार आणि वेगवेगळ्या तऱ्हेचा व्यायाम सांगतो. ज्यांना हृदयाचा त्रास आहे त्यांनी डॉक्टरांना विचारूनच. आणि आपल्या घरात एक सवय आयती आहे, शतपावली. जेवल्यावर दहा-पंधरा मिनिटं चाललं तर जेवणानंतरची शुगर कमी चढते हे आजच्या अभ्यासांतही दिसलंय, कारण चालणारा स्नायू इन्सुलिनची फारशी वाट न बघता साखर ओढून घेतो. दुसरी सवय मात्र सोडायला लागेल, दुपारची वामकुक्षी. जेवून तास-दीड तास ताणून देणं म्हणजे आस्यासुख आणि स्वप्नसुख दोन्ही एकदम, आणि कफ-मेदवाल्यांना दिवसाची झोप आयुर्वेदात सरळ मना आहे. रात्रपाळी करणारे, म्हातारे, आजारी यांना सूट आहे.

जेवणात ग्रंथांचा राजा जव आहे, ज्याला आपल्याकडे काही भागात सातूही म्हणतात. जवाची भाकरी, जवाचं सत्तू, जवाची पेज, चरकाने तर प्रमेहाच्या माणसासाठी मुख्य अन्न जवच असावं असं म्हटलंय. जवात बीटा-ग्लुकन नावाचा चिकट तंतू असतो, तो आतड्यात साखर हळू शोषू देतो, त्यामुळे भातापोळीच्या मानाने शुगर संथ चढते. दुकानात मिळणारं सातूचं पीठ विकत घेताना मात्र बघा, त्यात गहू, डाळं असतं आणि आपण ते गूळ-दूध घालून खातो, मग जवाचा फायदा कुठे राहतो. सोबत मूग, तूर, हरभरा, कुळीथ, जुना तांदूळ, कडू भाज्या. कुळथाचं पिठलं, मुगाचं वरण, कारलं, पडवळ, मेथीची भाजी, हे सगळं आपल्या स्वयंपाकघरातलंच आहे, फक्त ताटातलं प्रमाण उलटं करायचं आहे, भात-पोळी कमी आणि उसळ-भाजी जास्त. आणि उपवासाचं बोलायलाच हवं, कारण महाराष्ट्रात आठवड्याला एक उपवास धरणारी माणसं खूप आहेत आणि त्या दिवशी साबुदाण्याची खिचडी, बटाटा, रताळं, राजगिऱ्याचा लाडू असा सगळा पिष्ट आणि साखरेचा दिवस होतो. उपवास करायचाच असेल तर थोडी भगर, शेंगदाण्याची आमटी, ताक, काकडीची कोशिंबीर. गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर उपवासाआधी डॉक्टरांशी बोला, डोस तसाच घेऊन पोट रिकामं ठेवलं तर शुगर एकदम खाली येते.

दोन ठिकाणी मी ग्रंथ जसाच्या तसा घेणार नाही. एक दही. कारणांमध्ये दही आहे, पण साधं, बिनसाखरेचं दही खाणाऱ्यांमध्ये डायबेटिस वाढल्याचं आजच्या अभ्यासांत दिसत नाही, त्यामुळे वाटीभर दह्याची भीती नको, श्रीखंड-आम्रखंडाची मात्र असू दे, आणि ज्याला दह्याने जडपणा येतो त्याने ताक प्यावं. दुसरं मध. ग्रंथात प्रमेहाच्या काढ्यांमध्ये मध सर्रास आहे, मेद खरवडणारा म्हणून. पण मधात वजनाच्या साधारण ८० टक्के साखर असते, आणि औषधाबरोबर चिमूटभर घेणं वेगळं आणि रोज सकाळी लिंबू-मधाचं पाणी म्हणून दोन चमचे घेणं वेगळं. ग्लुकोमीटर घरी असेल तर स्वतःच तपासून बघा.

पंचकर्माबद्दल थोडक्यात. ते ताकदवान, जाड माणसासाठी, वमन-विरेचन (उलटी आणि जुलाब करवणं) वगैरे, आणि त्यानंतर चरक लगेच पोषण द्यायला सांगतो, नाहीतर झीज होते म्हणून बजावतो. बारीक, अशक्त, किडनीचा त्रास असलेल्या माणसाने पॅकेज बघून पंचकर्म करायला जाऊ नये. कोरड्या चूर्णाने अंग चोळणं, उद्वर्तन, हे मात्र सोपं आणि निरुपद्रवी, दिवाळीचं उटणं त्याचंच भावंड.

औषधांत एक जोडी सगळ्यात वर आहे, हळद आणि आवळा. वाग्भटाने कोणत्या रोगावर कोणतं औषध सगळ्यात श्रेष्ठ याची यादी दिलीये त्यात मेहासाठी, म्हणजे प्रमेहासाठी, धात्री आणि निशा, म्हणजे आवळा आणि हळद, असंच लिहिलंय, आणि चरकानेही आवळ्याच्या रसात हळद घ्यायला सांगितलीये. हिवाळ्यात ताजे आवळे मिळतात तेव्हा करायला सोपं आहे. बाकी गुळवेल, दारुहळद, त्रिफळा, नागरमोथा, विजयसार, जांभळाचं बी, शिलाजीत, गुडमार, अशी मोठी यादी. गुडमारचं पान चावलं की थोडा वेळ गोड चवच कळत नाही, साखर वाळूसारखी लागते, आणि गोडाची ओढ कमी करायला याचा उपयोग होऊ शकतो. मेथीत विरघळणारा तंतू भरपूर, तो शोषण हळू करतो. विजयसारवर आयसीएमआरने १९९० च्या दशकात नव्या रुग्णांवर चाचणी केली, बऱ्याच जणांची शुगर उतरली, पण तुलनेला दुसरा गट नव्हता त्यामुळे किती श्रेय लाकडाचं आणि किती पथ्याचं हे त्यातून सांगता येत नाही. या औषधांबद्दल मला जे कळलंय ते असं की बरीचशी थोडीफार शुगर उतरवतात, पुरावा काहींचा बरा आहे, काहींचा तोकडा, आणि चालणं-खाणं-वजन यांची जागा त्यातलं एकही घेऊ शकत नाही. अमेरिकेतल्या २००२ च्या मोठ्या अभ्यासात प्रीडायबेटिसवाल्यांमध्ये जीवनशैली बदलून डायबेटिसचा धोका ५८ टक्क्यांनी कमी झाला आणि मेटफॉर्मिन या शुगरच्या गोळीने ३१ टक्क्यांनी, भारतात चेन्नईच्या २००६ च्या अभ्यासात जीवनशैलीने साधारण २८.५ टक्के आणि मेटफॉर्मिनने २६ च्या आसपास. सवयी बदलल्याने जे साधतं ते गोळीच्या तोडीस तोड किंवा जास्त.

आता धोक्याच्या गोष्टी, कारण नैसर्गिक म्हणजे निर्धोक असं नाही. ग्लिमेपिराइडसारखी शुगर उतरवणारी गोळी किंवा इन्सुलिन चालू असताना वरून कारल्याचा रस, गुडमार, मेथी सुरू केली तर शुगर अचानक खाली जाऊ शकते. घाम, थरथर, धडधड, एकदम भूक, डोकं काम न करणं ही लक्षणं दिसली की लगेच साखर खा, तेव्हा पथ्य बघत बसू नका. गुळवेलीबद्दल २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी लिव्हरला त्रास झालेल्या सहा पेशंटची नोंद छापली, आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला, तो वाद बाजूला ठेवला तरी महिनोन्‌महिने रोज काढा पिताना डोळे पिवळे वाटले तर थांबून तपासायचं एवढं नक्की. वसंतकुसुमाकर रसात सोनं, चांदी, कथील, शिसं यांची भस्मं असतात, ते अंदाजाने घ्यायचं औषध नाही, किडनीवर आधीच ताण असलेल्या माणसाने तर नाहीच. २००४ मध्ये अमेरिकेतल्या बॉस्टनच्या दुकानांमधली दक्षिण आशियात बनलेली ७० आयुर्वेदिक औषधं तपासली त्यातल्या १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं. म्हणून बिनलेबलची पुडी, गावच्या जत्रेतली गोळी, कुरियरने आलेला डबा घेऊ नका. कधीकधी अशा पुडीत ॲलोपॅथीची शुगरची गोळीच कुटून घातलेली सापडते, आणि मग लोक म्हणतात काय गुण आला. डायबेटिस बरा करण्याच्या औषधाची जाहिरात करायला १९५४ च्या ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज कायद्याने बंदी आहे, तेव्हा जो कोणी पोस्टर लावून खात्री देतोय तो तिथेच कायदा मोडतोय.

वैद्याकडे जाताना सगळे रिपोर्ट आणि चालू गोळ्यांची चिठ्ठी बरोबर न्या, आणि डॉक्टरांनाही सांगा की मी हे काढे घेतोय. लपवू नका, दोघांपासूनही. शुगर उतरायला लागली की गोळी कमी करायची की नाही हे रिपोर्ट बघून डॉक्टर ठरवतील, तुम्ही नाही आणि मीही नाही. गरोदरपणात शुगर निघाली असेल तर तिथे घरगुती प्रयोग अजिबात नको, आणि बाळंतपणानंतर त्या बाईने सहा ते बारा आठवड्यांत एकदा ग्लुकोज पिऊन तपासणी करून घ्यावी आणि पुढेही करत राहावी, कारण पुढे डायबेटिस होण्याचा धोका अशा बायकांमध्ये बराच जास्त असतो आणि बाळाच्या गडबडीत हे राहून जातं.

तपासणी परत कधी करायची तर तीन महिन्यांनी, कारण लाल पेशी साधारण १२० दिवस जगतात आणि एचबीएवनसी म्हणजे त्या पेशींना चिकटलेली साखर, त्याआधी केली तर पूर्ण बदल दिसणार नाही. आणि ज्या बायकांचं हिमोग्लोबिन कमी आहे, लोहाची कमतरता आहे, त्यांचा एचबीएवनसी खोटा वाढलेला येऊ शकतो, म्हणून त्यांनी नुसत्या त्या एका आकड्यावर घाबरून न जाता उपाशीपोटीची आणि ग्लुकोज पिऊन दोन तासांनंतरची शुगरही करून घ्यावी, आणि सोबत कमरेचा घेर मोजावा, बायकांचा ८० सेंटिमीटर आणि पुरुषांचा ९० च्या आत हवा, टेप घरात असतेच.